मोठ्या कंटेनरात छोटा माल

हे कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण तुम्ही दादाला ओळखत नाही, म्हणून सांगते.

दर रविवारी दादा आम्हा मुलींना फाशांचा एक खेळ खेळवतो. प्रत्येकीचं एक पात्र असतं आणि नियमांचा निवाडा दादा करतो. त्या दिवशी राक्षसाशी लढताना माझी धनुर्धारी मरायला टेकली. दोन वर्षं जपलेलं पात्र होतं ते. तिला वाचवू शकणारी एकटी सायली, कारण तिचं पात्र अर्धं पुजारी आणि अर्धं जादूगार. या खेळात प्रत्येक मंत्राला एक स्लॉट, म्हणजे ठरावीक लेव्हलचा एक कप्पा, खर्ची पडतो.

"छोटे स्लॉट संपलेत, पण तिसऱ्या लेव्हलचा एक उरलाय," सायली म्हणाली. "त्यातून हिला बरं करते."

"दोन्ही विद्या मिळून स्लॉट मोठा झाला, पण बरं करायचा तुझा मंत्र पहिल्याच लेव्हलचा," दादा म्हणाला. "नाही चालणार."

तो चुकतोय हे मला माहीत होतं, म्हणून मी नियमांचं पुस्तक जवळ ओढलं.

तेवढ्यात सायलीला न्यायला आलेले तिचे बाबा दारातूनच म्हणाले, "मोठ्या कंटेनरात छोटा माल जात नाय का? आमी उरणच्या बंदरात रोज भरतो."

मी गुपचूप पुस्तक उघडून दादासमोर सरकवलं. त्याने ते पान दोनदा वाचलं. माझी धनुर्धारी उठून बसली.

"हे बाहेर सांगू नका," दादा एवढंच म्हणाला.

आता नियम अडला की तो सायलीला हळूच विचारतो, "तुझे बाबा किती वाजता येणारेत?" आज तर ते काका स्वतःचे फासे घेऊन—

"मनू, काका आलेत. ये लवकर," दादा मला हाक मारतोय.