काचेवर यायलाच पाहिजे

घनसावंगीच्या दवाखान्यात रक्त तपासणीच्या खिडकीपुढं बसलो होतो. शेजारी एक नवरा-बायको. बाईच्या मांडीवर गोधडीची घडी.

"दैवशाला, चल आता. वडीगोद्रीची जीप भरून राह्यली."

"भरू द्या."

"दोनदा रक्त दिलं. काचेवर हिवतापाचं बिलकुल काही दिसलं न्हाई. मंग कशाला बसायचं?"

"दोन्ही खेपेला तुम्ही ताप उतरल्यावर आल्ते. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून."

"मंग दवाखान्यात काय तसंच यायचं?"

"रक्त दाखवायचंय, सोयरीक न्हाई जमवायची. खिडकीतल्या मॅडम काय म्हणल्या? थंडी वाजून ताप चढला की जल्दी या, तवा जंतू सापडायचा जास्त भरवसा. तुम्हाला दिवसाआड दुपारी थंडी भरते. आज पाळी हाये."

"अन् न्हाई भरली तर?"

"परवा पुन्हा येऊन बसू. खिशातली गोळी द्या इकडं."

"कोणती गोळी?"

"तापाची. सकाळपासून हात खिशातच हाये तुमचा."

"घे बाई."

"आता बसा गुमान."

दुपार झाली. खिडकीपुढची रांग संपत आली.

"दैवशाला."

"काय?"

"दात वाजून राह्यले. गोधडी दे."

"आधी बोट टोचून घ्या."

"न्हाई सोसत गं. हाडं गारठली."

"बरं, घ्या. पांघरा. डावा हात तेवढा बाहेर ठेवा. मॅडम, काच काढा."