मेहुण्याचा बॅटरीचा अंदाज

आमच्या मेहुण्याच्या हुशारीला तर लांबूनच हात जोडावेत! अठ्ठ्याण्णव साली पुण्यात इंजिनिअरिंग शिकत होता. शेळगावला माझ्या उसात त्यानं ओल मोजणाऱ्या बिनतारी डब्या रोवल्या. म्हणाला, "दाजी, काम नसलं की डब्या झोपूनच असत्यात, बॅटरी खात न्हाईत. ऊस तुटंपर्यंत बॅटरी पुरतीय, अंदाज काढलाय मी."

कॉलेजचे सर बघायला आले, तर सगळ्या डब्या मेलेल्या.

"बॅटरी संपलीच कशी?" सरांनी विचारलं.

"सर, अंदाज बरोबर आहे का बघायला मी दर मिनिटाला डब्यांना विचारत होतो, किती बॅटरी उरली? उत्तर द्यायला त्या जाग्या व्हायच्या."

मला न्हाय राहवलं. म्हटलं, "अरं शहाण्या, 'झोपलायस का' म्हणून मिनिटामिनिटाला हलवून इचारल्यावर कोण झोपंल?"