सोडियमरावांनी दिलेला आठवा

मंडळी, नातं कशानं टिकतं? देऊन टाकल्यानं, की मध्ये ठेवून दोघांनी वापरल्यानं? माना एवढ्यात हलवू नका — ऐका!

रसायननगरीत सोडियमराव राहायचे. घर भरलेलं, पण अंगणात एक इलेक्ट्रॉन जास्तीचा. एकच हो! तरी रावांच्या जिवाला घोर. पलीकडच्या आळीत क्लोरीनबाई. त्यांच्या अंगणात सात, आणि आठ झाल्याशिवाय बाईंना चैन नाही!

"बाई, हा घ्या आठवा."

"परत मागाल!"

"छे! कायमचा दिला."

दिला की! राव झाले धन, बाई झाल्या ऋण — आणि ओढ अशी की दोघं घट्ट चिकटली! झालं मीठ!

राव लाजत म्हणाले, "आता तुम्ही माझ्याच ना?"

"अहो, तुमच्याभोवती आम्ही सहा जणी! विचारताय कुणाला?"

मिठात जोडपं नसतंच, मंडळी. असते चाळ! शेजारी बसेल तो आपला.

बाजूच्या डब्यात साखर. तिथे कार्बनअण्णा. अंगणात चार, पाहिजेत आठ. चार सोडवत नाहीत, चार कुणी देत नाही! हायड्रोजनभाऊ आला. त्याच्याकडे एकुलता एक.

"अण्णा, मी देत नाही, तुम्हीही देऊ नका. तुमचा एक, माझा एक — मध्ये ठेवू."

"आणि कुणी विचारलं, हे कुणाचे, तर?"

"म्हणायचं — आमचे!"

आणखी तीन शेजारी असेच जोडले गेले, अण्णांचे आठ झाले, आणि कुटुंब वाढत वाढत झाली साखर!

आणि एके दिवशी कुणी सरबत केलं हो! पाण्याच्या रेणूंनी रावांना घेरलं, बाईंना घेरलं, नेलं दोन दिशांना!

"बाई! मी तुम्हाला आठवा दिला होता!"

"दिलात ना? आभारी आहे!"

गेल्या! आठव्यासकट गेल्या!

साखरही विरघळली. पण अख्खं कुटुंब एकत्र!

"अण्णा, भिजलो!"

"भीज. हात सोडू नकोस."

म्हणजे साखर थोर? थांबा! तापल्या तव्यावर साखरेचा कोळसा होतो. मीठ तडतडतं, पण मीठच राहतं. देणाऱ्याला आगीचं भय नाही — त्याला बुडवतं ते साधं पाणी!

पुढे पाणी आटलं. रावांच्या शेजारी पुन्हा बाई येऊन बसल्या. त्याच का? रावांनी विचारलं नाही. शहाणे झाले होते!

आणि आपण? "तुला घर दिलं, दागिने दिले" — रोज ऐकवायचं, वर तिनं चिकटून राहावं! अहो, दिलं असेल तर विसरा. माणूस हवा असेल तर आज ताट मध्ये ओढा, म्हणा, "ये, ह्यातच जेवू" — आणि शेवटची भजी कुणाची, हे मात्र विचारू नका!