सरांचं नाक

बहीण: दादा, चप्पल काढ आधी. पेशंट बाहेर येऊन बसलाय आणि तू मागच्या दाराने कुठे निघालास?

भाऊ: हळू बोल. त्यांना सांग, कारागीर आजारी आहे.

बहीण: कारागीर माझ्यासमोर ठणठणीत उभा आहे. झालं काय?

भाऊ: काचेतून बघ जरा. मफलर गुंडाळून बसलेत ते. सर आहेत.

बहीण: कोण सर? तुझे? कॉलेजातले?

भाऊ: चालण्यावरून ओळखलं मी. जिना चढताना मध्येच थांबतात, कठड्यावरून हात फिरवतात. लाकूड कुठलं ते बघायला.

बहीण: अरे देवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीत नुसतं लिहिलंय, गाठीमुळे नाक काढावं लागलं. मग तर तूच करायला हवंस ना. पळतोस कसला?

भाऊ: त्यांना वाटतं मी पुतळे करतो.

बहीण: काय करतोस?

भाऊ: पुतळे. फोनवर सांगितलंय मी त्यांना. चौकातलं मोठं काम मिळालंय म्हणून. घोड्यावर बसलेला माणूस.

बहीण: घोडासुद्धा?

भाऊ: एकदा बोलून गेलो. मग ते दर वेळी विचारायचे, घोडा कुठवर आला. मी सांगत गेलो.

बहीण: आणि हे आपलं नकली नाक-कानांचं दुकान? इतक्या वर्षांत त्याचं नाव नाही काढलंस?

भाऊ: नाही.

बहीण: म्हणून पाटीवर तुझं नाव नको होतं तर. मी आपली सगळ्यांना सांगत फिरते, दादा फार साधा आहे.

भाऊ: तू त्यांना दुसरीकडे पाठव.

बहीण: दुसरीकडे कुठे? हे काम करणारं दुसरं कोण आहे इथे? ते काही नाही. मास्क लाव, टोपी घाल. सिलिकॉन कापताना घालतोसच. तोंड उघडू नकोस, बोलायचं ते मी बोलते.

भाऊ: हे बरोबर आहे का?

बहीण: नाही. पण त्यांना तसंच परत पाठवणं याहून वाईट आहे. हो आत. ... या काका. इथे बसा, मान टेकून. हे आमचे कारागीर. त्यांचा घसा बसलाय, म्हणून मीच बोलेन.

सर: चालेल. ताई, दार लावता का तेवढं?

बहीण: लावलंय.

सर: आणि तो पडदा.

बहीण: हा ओढला. आता मफलर काढावा लागेल, काका.

सर: हो. काढतो. एक विचारू? इथे कॉलेजातलं कोणी येत नाही ना? शिल्पकला शिकवायचो मी. जिकडे जावं तिकडे माझी पोरं भेटतात.

बहीण: भेटली तर भेटली. पोरं आपलीच असतात.

सर: म्हणूनच. त्यांच्यातलं कोणी इथे असतं तर मी पायरी चढलो नसतो. त्यांना चेहरा कसा बघायचा हे मी शिकवलंय. ते बघणार, आणि नीट बघणार. माझ्या बायकोनेही अजून पाहिलेलं नाही. पट्टी मीच बदलतो, न्हाणीघराला आतून कडी घालून. जेवतोसुद्धा वेगळ्या खोलीत.

बहीण: घाई नाही. बसा हवं तर पाच मिनिटं.

सर: जन्मभर म्हणत आलो, अमक्याने घराण्याचं नाक कापलं, तमक्याचं नाक फार वर. किती सहज बोलतो आपण. ... हं. काढला मफलर.

बहीण: छान. आता मान अशीच ठेवा.

सर: तुमचे कारागीर मागे सरले. इतकं वाईट आहे का?

बहीण: छे हो. त्यांचा चहा व्हायचाय अजून. कारागीर, करा ना सुरू साचा घ्यायला. काका, आता गार लागेल. तोंडाने श्वास घ्या. बोललात तरी चालेल, फक्त कपाळ हलवू नका.

सर: बरं. ... तो समोरच्या फळीवरचा कान चांगला आहे. खरंच चांगला आहे. कानाची पाळी बहुतेकांना जमत नाही, चिकटवल्यासारखी दिसते. तुम्ही या धंद्यात कशा आलात, ताई?

बहीण: मी हॉस्पिटलात काउंटरवर बसायचे. एक शाळेतल्या बाई तपासणीला यायच्या. भाजून कान गेलेला, केस कायम पुढे ओढलेले. माझा भाऊ तेव्हा घरी बसून होता. त्याचं प्रदर्शन पडलं होतं, एक वस्तू विकली गेली नाही. छताकडे बघत पडून राहायचा. मी म्हटलं, पडून काय राहतोस, एक कान करून दे. त्याने चिडून केला.

सर: आणि?

बहीण: पुढच्या तपासणीला बाई अंबाडा घालून आल्या. मला काही बोलल्या नाहीत. काउंटरसमोर उभ्या राहिल्या आणि मान वळवून कान दाखवला. बस. त्याच महिन्यात मी नोकरी सोडली. आपण कशासाठी आहोत ते मला त्या काउंटरवर कळलं.

सर: भावालाही कळलं असेल.

बहीण: त्याचं शोधणं चालू आहे अजून.

सर: असतात तसे. पण एखाद्याला लवकर सापडतं. माझा एक विद्यार्थी आहे, चौकासाठी पुतळा करतोय. घोड्यावरचा. मी त्याला विचारलं, घोड्याचा पाय उचललेला घेतलास का? सगळे घेतात, रुबाब दिसतो. तर म्हणाला, नाही सर, चारही पाय जमिनीवर ठेवतोय. मला इतकं बरं वाटलं. शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलं मी.

बहीण: हो का.

सर: हल्ली त्याचा फोन आला तरी उचलत नाही मी. त्याचं एवढं मोठं काम चाललंय, त्यात आपलं रडगाणं कशाला. ... आपटला का काही?

बहीण: वाटी पडली. होतं असं. झालंच आता, काका, निघेल साचा.

(थोड्या वेळाने.)

भाऊ: गेले?

बहीण: गेले. मफलर डोळ्यांपर्यंत ओढून, भिंतीच्या कडेकडेने. तू वाटी काय पाडलीस?

भाऊ: त्यांनी फोन उचलणं बंद केलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, सुटलो. आता घोड्याबद्दल कोणी विचारणार नाही. आजारी असतील, हे डोक्यातही आलं नाही माझ्या.

बहीण: मग उद्या जा आणि सांग सगळं.

भाऊ: कसं सांगू? ऐकलंस ना, पोरांपैकी कोणी असतं तर पायरी चढलो नसतो म्हणाले.

बहीण: म्हणजे तुझी सोयच झाली.

भाऊ: हो. झाली. त्याचीच लाज वाटतेय.

(पुढच्या भेटीला. टेबलावर मेणाचं नाक, शेजारी सरांच्या ओळखपत्राचा फोटो. पडदा ओढलेला, मफलर खुर्चीच्या पाठीवर.)

बहीण: हे नुसतं मेणाचं आहे, काका. चेहऱ्यावर लावून बघायचं, मग त्यावरून सिलिकॉनचं करायचं आणि रंगवायचं.

सर: आधी हातात घेऊ का?

बहीण: घ्या ना.

सर: हं. ... ताई, मी फोटो कुठला दिला होता?

बहीण: हा काय, ओळखपत्रावरचा.

सर: समोरून काढलेला. बरोबर? मग हा बाक कुठून आला?

बहीण: कुठला बाक?

सर: इथे, हाडाच्या खाली. लहानपणी झोपाळ्यावरून पडलो होतो. समोरून तो दिसत नाही.

बहीण: कारागिरांनी अंदाजाने केला असेल.

सर: अंदाजाने केलेलं नाक सरळ येतं, ताई. एका वर्षी मॉडेल आलं नाही म्हणून मीच वर्गासमोर बसलो होतो. पोरांनी मातीत माझं डोकं केलं. सगळ्यांनी मला सरळ नाक दिलं, मास्तरांना खूश करायला. उजवीकडे बसलेल्या एकाने तेवढा हा बाक ठेवला. मास्क काढ रे.

भाऊ: सर.

सर: घसा बरा झाला वाटतं.

भाऊ: सर, मी तुम्हाला...

सर: थांब. आधी तो मफलर दे इकडे. दे म्हणतो ना.

बहीण: हा घ्या, सर.

सर: म्हणजे तुम्हालाही ठाऊक होतं.

बहीण: मीच त्याला मास्क लावायला सांगितलं. तो मागच्या दाराने पळत होता. चप्पलसुद्धा घातली होती त्याने.

सर: आणि त्या दिवशी तू पाहिलंस.

भाऊ: हो.

सर: सगळं.

भाऊ: साचा मीच घेतला, सर.

सर: आणि मी तुझ्या तोंडासमोर तुझंच कौतुक करत बसलो होतो. थेरडा, चेहरा उघडा टाकून. मला थांबवलं का नाहीस?

भाऊ: तोंड नव्हतं मला.

सर: घोडा कुठवर आलाय?

भाऊ: घोडा नाही, सर.

सर: मोडला?

भाऊ: नव्हताच. चौकपण नाही. त्या प्रदर्शनानंतर मी एकही पुतळा केला नाही. एवढंच करतो. कान, बोटं. कोणाचा गाल.

सर: मग चारही पाय जमिनीवर, ते काय होतं?

भाऊ: तुम्हाला काय आवडेल ते मला माहीत होतं.

बहीण: दादा.

भाऊ: बोलू दे. सर, आमच्या पुढच्या वर्गातला तो उंच मुलगा आठवतो? कपड्यांच्या दुकानांसाठी पुतळे करायला लागला, तो? तुम्ही वर्गात म्हणाला होतात, तो हल्ली कपडे अडकवायच्या खुंट्या करतो.

सर: मी म्हणालो होतो?

भाऊ: सगळे हसले. मी सगळ्यात जोरात हसलो. तेव्हाच ठरवलं, आपल्याबद्दल असं कोणी बोलता कामा नये.

सर: त्याच्या कानावर गेलं असेल का ते?

भाऊ: तो दारातच उभा होता. तुम्हाला भेटायला आला होता.

बहीण: सर, पाणी घ्या.

सर: नको. ... मला आठवतही नाही. बोलून मोकळा झालो आणि विसरलो. आणि तू तेवढंच घेऊन बसलास. एवढं सगळं शिकवलं, त्यातलं नेमकं तेवढं.

भाऊ: दोष तुमचा नाही. खोटं मी बोललो.

सर: तुझं तू बोललास, माझं मी बोललो. आवडतं का तुला हे काम? खरं सांग. माझ्या तोंडाकडे बघून सांगू नकोस, तशीही तिथे आता सोय नाही.

भाऊ: पुतळा करताना सारखं वाटायचं, कोणीतरी मागे उभं राहून बघतंय. लोक काय म्हणतील, तुम्ही काय म्हणाल. हे करताना तसं होत नाही. जेवायचं राहून जातं. हिला हाका माराव्या लागतात.

बहीण: चार-चार हाका.

सर: मग लाज कधी वाटते?

भाऊ: कोणी विचारलं, काय करतोस, की. एकटा असताना नाही वाटत.

सर: माझंही तसंच आहे. एकटा असताना चेहऱ्याचं काही वाटत नाही. सवय झाली. दारावर टकटक झाली की वाटतं.

बहीण: सर, एक बोलू? याला लाज वाटते तेव्हा ती माझ्याही वाट्याला येते. मी सकाळी कुलूप उघडते, संध्याकाळी लावते. हा घरच्यांत सांगतो, बहिणीला दुकानात थोडी मदत करतो. थोडी मदत. आजवर मी काही म्हटलं नाही.

भाऊ: तुला कसं कळलं?

बहीण: आपले नातेवाईक आहेत रे, पोटात काही ठेवतात का?

भाऊ: चुकलं माझं.

बहीण: राहू दे. मला काय वाटतं तेवढंच सांगितलं.

सर: ते मेण आण इकडे. ... डावी नाकपुडी जड झालीय.

भाऊ: हो. मलाही वाटत होतं.

सर: वाटत होतं मग तशीच कशी ठेवलीस?

भाऊ: तुम्हाला समोर बसवून, बघून करावी लागली असती. मफलर काढून, बराच वेळ. धीर झाला नाही.

सर: हं. ... मला तरी कुठे होतोय. ताई, पडदा असू द्या. हा मफलर धरा. आणि तू ये समोर. इतका लांब नको, काय दिसणार तिथून. बघ नीट. मान खाली घालून कसं दिसेल?

भाऊ: मेण टेकवलं की दुखतंय का?

सर: नाही. तू बघतोयस म्हणून घाम फुटलाय, एवढंच. तुझी सुरी बोथट आहे.

भाऊ: दुसरी घेतो.

सर: मेण हळूहळू काढ. एकदम नको. ... शेजारचे विचारतात अधूनमधून, तुमचा तो विद्यार्थी हल्ली काय करतो. मीच मोठ्या तोंडाने सांगून ठेवलंय. आता काय सांगू त्यांना?

भाऊ: तुम्ही म्हणाल ते.

सर: मी म्हणून झालं पुष्कळ. तू सांग.

भाऊ: सांगा, नाकं करतो.

सर: ऐकू आलं नाही. हळू बोललास.

भाऊ: पहिल्यांदाच बोललो, सर.

सर: बरं. मीही पहिल्यांदा हळूच सांगेन.