मस्टचा धडा

(अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले इंग्रजीचे निवृत्त मास्तर आणि दिवसभर त्यांची शुश्रूषा करणारी ताई. दुपार.)

ताई : शुड पुरे झालं, मास्तर. आज पुढचा धडा घ्या.

मास्तर : पाया कच्चा राहिला तर सगळंच डुगडुगतं. शुडचं एक वाक्य सांग.

ताई : माय सन शुड कम.

मास्तर : हे माझं वाक्य झालं. तुझं सांग.

ताई : तुमचंच बरंय. मुलानं यायला हवं. सहा वर्षं झाली, अजून यायलाच हवंय. आता मस्ट घ्या.

मास्तर : घेऊ पुढच्या आठवड्यात. ते पुस्तक ठेव वर. पाठ दुखतेय, आधी कूस बदल.

ताई : बदलते. तो धडधाकट हात द्या इकडं. मस्टचं एक वाक्य मी सकाळी माझं मीच वाचलं. म्हणून दाखवू?

मास्तर : कुठं वाचलंस?

ताई : यू मस्ट रिपोर्ट बाय द फिफ्टीन्थ. पंधरा तारखेच्या आत हजर व्हा. बरोबर आहे अर्थ?

मास्तर : अगं ताई...

ताई : बोला ना! एरवी साध्या उच्चारावरून माझी सालं काढता.

मास्तर : व्हा नाही. हजर झालंच पाहिजे. सक्ती असते त्यात.

ताई : आज एकवीस तारीख. माझी खोली सारखी बदलते म्हणून पत्ता तुमचा दिला. पोस्टमन खिडकीतून टपाल तुमच्या हातात देतो, मला वाटायचं पेन्शनचे कागद. आणि माझ्या नोकरीचं पत्र मस्टच्या धड्यात घडी घालून! म्हणून तो धडा येत नव्हता होय?

मास्तर : फोन कर त्यांना. सांग, एका म्हाताऱ्यानं घोळ घातला. मी बोलतो हवं तर.

ताई : केला. मी सगळं इंग्रजीत बोलले, कुठंही अडले नाही. जागा दुसरीला दिली म्हणाले. पुढच्या भरतीत माझं वय बसत नाही.

मास्तर : वय थोडं पुढंमागं...

ताई : नाही चालत. दोनदा विचारलं. नोकरी लागली की माझ्यापाशी राहायला येणार म्हणून लेकीनं मामाकडे बॅग भरून ठेवली होती, मास्तर. रोज मामीचे टोमणे खाते पोरगी. तिला काय सांगू?

मास्तर : तू गेलीस की माझं कोण करणार होतं? घाबरलो गं.

ताई : मग थांब म्हणायचं होतंत तोंडानं.

मास्तर : थांबली असतीस?

ताई : नाही.

मास्तर : मला ठाऊक होतं.

ताई : पत्र येईना, तेव्हा नोकरीच्या परीक्षेत नापास झाले समजून मी इथंच बसून रडले. तुम्ही डोक्यावरून हात फिरवलात. त्याच हातानं लपवलं होतंत ना?

मास्तर : दुसरा हात हलतो कुठं माझा?

ताई : मला हसवू नका. मला तुमचा राग आलाय. फार राग आलाय.

मास्तर : जा मग. उद्यापासून येऊ नकोस. वाळीत टाक मला.

ताई : आणि जाऊ कुठं? होतं एक ठिकाण, ते गेलं.

मास्तर : म्हणजे उद्या येशील?

ताई : येईन. न येऊन करू काय? पाय सरळ करा, चादर अडकलीय.