पाहुण्यांना बरं नाही

नाही हो दादा, रस्ता नाही चुकले मी. मी इथलीच — जन्म इथला, शाळा इथली, लग्न होऊन परदेशी गेले म्हणून काय आपल्याच गावातले रस्ते विसरेन? त्या इस्त्रीवाल्यांच्या गल्लीतून सरळ आलो असतो तर कधीच पोचलो असतो, कळतं मला. पण वळसा घालूया म्हटलं. नदी दिसते ना त्या बाजूनं. पाहुण्यांना नदी आवडते — बरं, आज नदीत पाणीच नव्हतं, ते मी काय करू? तुम्ही सावलीत घ्या गाडी, त्या दोघी आत्ताच मनोरा चढायला लागल्यात, इतक्यात काही उतरत नाहीत. मी नाही गेले. गुडघे दुखतात म्हटलं. गुडघे कसले, धडधाकट आहेत — जरा वेळ कुणी काही विचारू नये एवढंच हवं होतं मला.

चांगल्या आहेत हो बाया. तिकडे एकाच ऑफिसात असतो आम्ही. मी नवीन होते, भाषा धड येत नव्हती, तेव्हा या दोघींनी सांभाळून घेतलं. मग मीही बोलायचे — आमचं गाव असं, आमचं गाव तसं, आणि माझी ताई! ताईबद्दल तर इतकं बोलले असेन मी, की त्यातली उंच आहे ना, तिनं विमानतळावर उतरल्या उतरल्या पहिलं काय विचारलं माहितेय? ताई कुठंय? प्रवास कसा झाला ते राहिलं बाजूला. ताईसाठी शाल आणलीय तिनं, हातानं विणलेली. सकाळपासून पिशवीत घेऊन फिरतेय.

आहे ना, इथंच आहे ताई. त्याच गल्लीत. हो, त्याच.

आता कळलं ना वळसा कशाला ते? मग बघू नका असं माझ्याकडे. भांडण वगैरे काही नाही आमचं — भांडण असतं तर बरं झालं असतं, निदान दोघींची चूक असती. आई गेली तेव्हा मी एवढीशी होते. ताईनं मला वाढवलं, स्वतःची शाळा सोडून. एक खोली, पुढे इस्त्रीचं टेबल, खोलीभर दोऱ्या, दोऱ्यांवर लोकांचे कपडे — जेवताना ताटावर कुणाची तरी बाही लोंबायची, आम्ही हसायचो. त्या टेबलाखाली बसून अभ्यास केलाय मी, वरून ऊब यायची. अजून तीच खोली आहे. तेच टेबल. आणि मी तिकडे काय सांगून ठेवलंय? ताईचा कपड्यांचा व्यवसाय आहे. व्यवसाय! खोटं नाही म्हणा ते अगदी. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला माहीत होतं, आणि मी येऊ दिलं.

तिला मीच म्हटलं होतं, पाहुण्यांना तुझ्याकडे जेवायला आणते. म्हणाले खरी फोनवर, उत्साहाच्या भरात. मग काय विचारता — ताईनं खोलीला रंग काढला. आज काम बंद ठेवलं, दोऱ्या सोडल्या, शेजारणीच्या खुर्च्या आणल्या, अख्ख्या गल्लीला सांगून मोकळी झाली. रोज फोन करून विचारायची, त्यांच्यात ‘या, बसा’ कसं म्हणतात गं? घोकायची. चुकायची, मी हसायचे, तीही हसायची. आणि आज सकाळी हॉटेलात या दोघींना न्यायला गेले — कशा तयार होऊन बसलेल्या, नवे कपडे, केस नीट — आणि माझ्या डोळ्यांपुढे ती खोली आली. तिथंच जिन्यात उभं राहून ताईला फोन केला. म्हटलं, पाहुण्यांना बरं नाही गं, दोघींचं पोट बिघडलंय, आज नाही जमायचं. आणि या दोघींना सांगितलं, ताईला अचानक बाहेरगावी जावं लागलं. झालं! दोन वाक्यांत दोन्हीकडची दारं लावून घेतली मी.

लाज वाटते हो. ताईची नाही वाटत — म्हणजे सकाळी तिचीच वाटली, खोटं कशाला बोलू — आता माझी वाटते. तुम्हाला बहीण आहे? नाही ना? मग राहू द्या, तुम्ही काही बोलूच नका.

थांबा, फोन. तिचाच आहे. तुम्ही जरा गप्प बसा हं — हां, ताई! नाही गं, झोपल्यात. दोघीही. हो, औषध दिलंय... कुठे म्हणजे? हॉटेलातच, त्यांच्या उशाशी बसलेय... घंटा? कसली घंटा? टीव्हीवर गं, टीव्हीवर काहीतरी चाललंय... हो... कुठे आहेस तू?... अगं पण कशाला... ताई... ताई, ऐक ना —

ठेवला.

आत्ताच वाजायची होती ती मेली मनोऱ्यावरची घंटा. पण घंटेचं काय घेऊन बसलात, ती हॉटेलातूनच बोलत होती. खाली, दाराशी. आजाऱ्यांसाठी मऊ भात घेऊन आली, चालत. तिथल्या मुलीनं सांगितलं, त्या तर सकाळीच बाहेर पडल्या हसत हसत, बरोबर तुमच्यासारख्याच चेहऱ्याची एक बाई होती. तरी मला विचारत होती, झोपल्यात का? आणि मी हो म्हणाले. रागावली? रागावली असती तर! म्हणाली, डबा खाली ठेवलाय. पाहुण्या आजारी आहेत, त्यांना नाही जायचा, तू खा. सकाळपासून उन्हात फिरतेयस, तुला पित्त होतं.

आल्या बघा त्या. हात करतायत. शाल वाऱ्यावर धरून फोटो काढतेय ती वेडी... हो, तुमचं बरोबर आहे, आत्ता निघालो तर ताई रस्त्यातच भेटेल, चालतच असेल ती. म्हणूनच म्हणते, हॉटेलकडे नको. तिकडे नकोच. पुढचं काय आहे बघण्यासारखं? काहीही चालेल, बाग म्हणा, पूल म्हणा. नाही दादा, तुम्हाला नाही कळायचं. दार उघडा त्यांना आणि गाडी काढा.