पुढच्या हिवाळ्यात उतरायचं कुठे

आल्प्समधल्या त्या गावात बेकरीच्या रांगेत बुर्गीबाई कानटोपी डोळ्यांपर्यंत ओढून उभ्या होत्या. पंचवीस हिवाळे स्कीइंगला येऊन त्यांच्याच घरी उतरणारं जर्मन जोडपं नेमकं पुढे होतं, आणि त्यांना मागचं भान नव्हतं.

"हार्टविग, बुर्गीबाई यंदानंतर पाहुण्यांसाठी घर बंद करतायत. पुढच्या वर्षी कुठे उतरायचं?"

"डोंगरावर नेणाऱ्या स्की-लिफ्टच्या पायथ्याशी हॉटेल आहे ना. दारातून निघालं की थेट बर्फावर."

"आणि तुझे ओले बूट रात्रभर शेगडीशी कोण वाळवणार?"

"त्यांच्याकडे यंत्र असतं, गुडरून."

"तुझा पाय मोडला तेव्हा रोज दवाखान्यात सूप घेऊन यंत्र आलं होतं का रे?"

"तेच म्हणतोय. परवा गावाने पंचवीस वर्षं येणारे पाहुणे म्हणून मानाचा बिल्ला आपल्या छातीवर लावला. लावायला हवा होता बुर्गीबाईंच्या. म्हणून दोन खोल्या बघितल्यात."

"दोन? आपलं भांडण झालंय का?"

"एक बुर्गीबाईंना. इतकी वर्षं पहाटे पाचला उठून आपल्याला वाढलं. आठवडाभर त्यांच्यापुढे कुणी ताट ठेवू दे की!"

"त्या कसल्या बसतात! हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिरतील."

"ठाऊक आहे. म्हणून सगळ्यात वरच्या मजल्यावरची खोली मागितलीय."

गुडरूनने हातमोज्याने डोळे पुसले.

"पण त्या हो म्हणतील?"

मागून कानटोपीतून आवाज आला, "हार्टविग, तुमचं अंडं बरोब्बर साडेचार मिनिटं उकडायला त्या हॉटेलवाल्यांना कोण शिकवणार? पाचला उठावंच लागेल मला."